सतनाम सिंग भामरा: ५२ व्या क्रमांकापर्यंत कसा पोहोचला, पुढं कुठं अडकला

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

कोल्हापुरात फुटबॉलच्या पेठांच्या ईर्ष्येपुढं दुसऱ्या चेंडूला जागा कमीच. तरी शालेय स्पर्धांचा मोसम जवळ आला की दरवर्षी एक प्रश्न येतोच: "पोरगं सहा फूट चार इंच झालंय, एनबीएत जाईल का?" म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये. उत्तरादाखल कुणीतरी सतनाम सिंगचं नाव घेतं आणि विषय तिथंच संपतो. नाव सगळ्यांना माहीत आहे, कारकीर्द फार थोड्यांना. म्हणून आधी ती नीट मांडतो.

जन्म १० डिसेंबर १९९५, पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातलं बल्लो के गाव, शेतकरी घर. तिथून लुधियाना बास्केटबॉल अकादमी. २०१० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, आयएमजी-रिलायन्सच्या शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनच्या आयएमजी अकादमीत. इंग्रजी येत नव्हतं, घर दोन समुद्रांपलीकडं. पाच वर्षं तिथं काढली. कॉलेजचा रस्ता न धरता २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, उतरला आणि २५ जूनला डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला दुसऱ्या फेरीत ५२ व्या क्रमांकावर घेतलं. एनबीएच्या संघानं ड्राफ्ट केलेला तो पहिला भारतीय. उंची २१८ सेंटिमीटर, वजन १३० किलोच्या आसपास.

त्यानंतर डी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, डॅलसच्याच टेक्सस लेजंड्स संघाकडून दोन हंगाम. मैदानावरची मिनिटं फार कमी. २०१७ मध्ये भारतात परत, २०१८ मध्ये कॅनडातल्या सेंट जॉन्स एजकडून थोडा खेळ. २०१९ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेच्या तयारीत उत्तेजक चाचणीत अडकला, दोन वर्षांची बंदी. २०२२ पासून अमेरिकेत एईडब्ल्यू या कंपनीच्या व्यावसायिक कुस्तीत दिसतो.

माझं मत सरळ आहे. उंचीमुळं एनबीएनं त्याला पाहिलं. ठेवलं नाही ते पायांच्या वेगामुळं, आणि ज्या वयात पाय शिकतात त्या वयात त्याला मिळालेल्या खेळामुळं. आपल्याकडं उंच पोराला रिंगखाली उभं करून ठेवतात, तीच चूक लहान प्रमाणावर रोज होते. जाणकारांनी तपशील भरावा.

पिव्होट

धागा चांगला, पण एक घोळ आधीच मिटवू या. एनबीएचा सामना खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू सतनाम नव्हे, सिम भुल्लर. टोरांटोत वाढलेला, आईवडील पंजाबचे, सात फूट पाच इंच. सॅक्रॅमेंटो किंग्जनं त्याला दहा दिवसांच्या करारावर घेतलं आणि एप्रिल २०१५ मध्ये तो तीन सामन्यांत उतरला. सतनाम ड्राफ्ट झाला, पण एनबीएच्या नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या नावावर नाही. ड्राफ्ट होणं आणि संघात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फरक कसा पडतो बघा. ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या, साधारण ६० नावं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला ठरलेल्या वेतनश्रेणीचा करार मिळतो आणि त्यातली पहिली दोन वर्षं हमीची असतात. दुसऱ्या फेरीतल्याला कसलीच हमी नाही. संघाकडं फक्त त्याच्याशी बोलणी करण्याचा हक्क राहतो. त्या काळी संघात जागा १५. दोन्ही लीगमध्ये ये-जा करता येणारे टू-वे करार २०१७ मध्ये आले. सतनाम नेमका त्याआधी गेला. तेव्हा डी-लीगचा पगार वर्षाला साधारण १३ हजार ते २५ हजार डॉलर होता. दोन-तीन वर्षांनी जन्मला असता तर निदान टू-वेचं दार त्याच्यासाठी उघडं असतं. एवढा भाग नशिबाचा, बाकीचा खेळाचा.

खेळाचा भाग असा. २०१४-१५ मध्ये एनबीएचा एक संघ सामन्यात सरासरी २२ च्या आसपास तीन गुणांचे प्रयत्न करायचा. २०२३-२४ मध्ये तो आकडा ३५ झाला. म्हणजे सतनाम दारात उभा असतानाच घराची रचना बदलत होती. रिंगपाशी पाठ लावून चेंडू मागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सेंटरला, म्हणजे संघातल्या सगळ्यात उंच गड्याला, काम उरलं नाही, आणि बचावात त्यालाच रिंगपासून २० फुटांवर ओढून काढायला सुरुवात झाली.

लाल_माती

पिव्होट सर, ते ओढून काढनं म्हंजे नेमकं काय, जरा इस्कटून सांगा की. आमच्यासारख्या तालमीतल्या मान्सास्नी स्क्रीन दिसतीय, पर त्यात सेंटरचं काय जातंय ते कळत न्हाई.

पिव्होट

सांगतो दादा.

चेंडू त्यांच्या गार्डकडं, म्हणजे चेंडू पुढं नेणाऱ्या चपळ गड्याकडं, तीन गुणांच्या रेषेच्या वरच्या टोकाला. त्यांचा उंच खेळाडू येऊन आपल्या गार्डच्या वाटेत उभा राहतो, हा स्क्रीन. आपला गार्ड त्यात अडकला की अर्धा-पाऊण सेकंद चेंडूवाला मोकळा. त्या वेळेपुरतं आपल्या सेंटरनं दोन माणसं एकट्यानं सांभाळायची: चेंडूवाला, आणि स्क्रीन लावून रिंगकडं सुटलेला त्यांचा उंच गडी. याचा सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे ड्रॉप. सेंटर फ्री थ्रो रेषेच्या आसपास थांबतो, दोन पावलं आडवी सरकतो, मग मागं-मागं जात दोघांनाही छातीसमोर ठेवतो आणि शेवटी जागच्या जागी सरळ वर उडी मारतो.

बिघडतं कुठं, तर चार ठिकाणी. टाचा जमिनीला टेकतात, मग पहिलं पाऊल उशिरा पडतं. कंबर वर राहते, त्यामुळं दिशा बदलायला दोन पावलं जास्त लागतात. सरकताना पाय एकमेकांवरून जातात आणि गार्ड नेमका त्याच क्षणी उलटा वळतो. आणि हात खाली राहतात, त्यामुळं वरून जाणारा लॉब पास सहज जातो. १३० किलोच्या माणसाला या चारही चुका ४० मिनिटं टाळायच्या तर ती सवय तेराव्या-चौदाव्या वर्षापासून अंगात मुरलेली हवी.

सराव सोपा आहे, साहित्य काही लागत नाही. रिंगखालचा रंगीत आयत ४.९ मीटर रुंद असतो. एका बाजूच्या रेषेवरून दुसरीवर आडवं सरकायचं, पाय एकमेकांना लागू न देता. ३० सेकंद काम, ९० सेकंद विश्रांती, चार फेऱ्या. किती वेळा रेषा गाठली ते मोजा, पण कंबर वर आली की मोजणी तिथंच थांबवा. उंच पोरं आकडा वाढवायला उभ्यानं धावतात. तो आकडा कामाचा नाही. आठवड्यातून तीनदा पुरे, पाय ताजे असताना, सरावाच्या सुरुवातीला.

शिट्टीवाला

पंचाच्या बाजूनं एक गोष्ट, जी प्रशिक्षकांच्या बोलण्यात क्वचित येते. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमानं खेळतो. फिबात बचाव करणारा खेळाडू रिंगखाली हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. तीन सेकंदांचं बंधन फक्त आक्रमण करणाऱ्याला. एनबीएत बचावालाही तीन सेकंद आहेत: कुणाला हाताच्या अंतरावर धरून नसलात तर रंगीत भागातून बाहेर पडावं लागतं. आपल्याकडचा उंच मुलगा दहा वर्षं रिंगखाली खांबासारखा उभा राहून शाळेला सामने जिंकून देतो. पुढं नियम बदलला की तो खांब जागेवरून हलवायचा कसा हेच त्याला माहीत नसतं.

दुसरं, रिंगवरच्या चेंडूचं. फिबात शॉट रिंगला लागला की वर नाचणाऱ्या चेंडूला दोन्ही बाजूंचे खेळाडू हात लावू शकतात. एनबीएत तो रिंगच्या वरच्या नळकांड्याएवढ्या जागेतून बाहेर येईपर्यंत हात लावता येत नाही. उंच मुलांनी फिबाची ही सूट जरूर वापरावी. जिल्हा पातळीवर ती वापरताना फार कमी जण दिसतात, कारण ती नियमात आहे हेच माहीत नसतं.

तिसरं, "स्टेप्स, स्टेप्स" म्हणून बाकावरून ओरडणाऱ्यांसाठी. २०१७ पासून फिबानं शून्य पाऊल मान्य केलंय. पळता-पळता चेंडू ताब्यात घेताना जो पाय जमिनीवर आहे तो मोजायचा नाही, त्यानंतर दोन. उभ्या जागी चेंडू घेतलेल्या सेंटरला मात्र ही सूट नाही. त्यानं ड्रिबल सुरू करताना चेंडू हातातून सुटल्याशिवाय पिव्होटचा (जागेवर टेकवून ठेवलेला) पाय उचलला की शिट्टी वाजणारच. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ पाठ लावून खेळताना, निम्मे चेंडू इथं जातात.

इचलकरंजी_एक्सप्रेस

सगळं पटतं, पण डेन्व्हरचा सेंटर जोकिच, त्याचं काय? तो तर सतनामपेक्षा फार वेगवान दिसत नाही. उडीही बेताची. तरी २०२१, २०२२ आणि २०२४ चा सर्वोत्तम खेळाडू, २०२३ ला डेन्व्हरचं विजेतेपद आणि अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. मग पायांचा वेग हेच कारण कसं?

शाहूपुरीकर

रास्त प्रश्न, आणि उत्तरासाठी दोघांच्या तारखा शेजारी ठेवाव्या लागतील.

निकोला जोकिच सर्बियातल्या सोंबोर गावचा, १९९५ चाच जन्म. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा. तोही दुसऱ्याच फेरीत. पण डेन्व्हरनं त्याला लगेच नेलं नाही. तो आणखी एक वर्ष मेगा या सर्बियन क्लबकडं राहिला. तिथं तो मोठ्या माणसांच्या एड्रियाटिक लीगमध्ये रोजचा खेळाडू होता आणि २०१४-१५ ला त्या लीगचा सर्वोत्तम ठरला. म्हणजे विशीत पाय ठेवायच्या आत तिशीतल्या, दाढीवाल्या, कोपर मारणाऱ्या सेंटर लोकांविरुद्ध त्यानं शेकडो मिनिटं चेंडू हाताळला होता.

सतनामची तीच वर्षं शालेय सामन्यांत आणि शाळेनंतर अकादमीतच काढलेल्या जोडवर्षाच्या सामन्यांत गेली. समोर बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा बुटकी, हलकी मुलं. भारताकडून २०१३ आणि २०१५ च्या आशियाई स्पर्धांत तो खेळला, पण त्या मोजक्या दिवसांच्या स्पर्धा. प्रौढांच्या लीगमध्ये आठवड्यामागून आठवडे हरणं-जिंकणं त्याच्या वाट्याला ड्राफ्टआधी आलंच नाही.

म्हणून वाक्य दुरुस्त करतो: पाय मंद असले तरी चालतं, पण मग निर्णय झटपट हवेत. जोकिच चेंडू हातात येण्याआधी पुढचा पास ठरवून मोकळा असतो. हे जन्मजात आहे असं म्हणणं सोपं. ते मिनिटांनी येतं. चेंडू सेंटरच्या हातून खेळवणारा प्रशिक्षक लागतो, आणि चुकलेल्या पासवर बाकावर न बसवणारा.

पिव्होट

शेवटचं वाक्य शंभर टक्के. आपल्याकडं शालेय संघात उंच मुलाला एकच सूचना असते: "रिंगखाली थांब, आला की टाक." त्याला ड्रिबल करू देत नाहीत, कारण बॉल जाईल. जाऊ दे की चौदा वर्षांखालच्या गटात! सतराखालच्या गटात येईपर्यंत त्याला कोपरापासून, म्हणजे फ्री थ्रो रेषेच्या टोकापासून, दोन्ही हातांनी पास देता यायला हवेत. मुलाला तिथं उभं करा, दोन साथीदार आत-बाहेर कापत जातील, चेंडू हनुवटीच्या उंचीवर दोन्ही कोपरं बाहेर काढून धरायचा आणि दोन सेकंदांत सोडायचा. कमरेखाली नेला की गार्ड थप्पड मारून काढून घेतो.

शूटिंगचंही तसंच. बोर्डपासून एक मीटरवर सुरुवात, पाच जागा, प्रत्येकी २५. एका हातानं फेकायचं, दुसरा फक्त आधाराला. २५ पैकी १८ पडू लागले की अर्धा मीटर मागं. फ्री थ्रो रेषा बोर्डपासून ४.६० मीटरवर आहे. तिथं स्थिर झाल्याशिवाय ६.७५ च्या रेषेवर जाऊ नये. घाईनं मागं गेलेली मुलं चेंडू कमरेखालून उचलून फेकतात आणि ती सवय मग पुढं पाच वर्षं सुटत नाही. चेंडू वयाप्रमाणं हवा: बारा वर्षांखाली ५ नंबर, मुलींना ६, मोठ्या मुलांना ७. उंच आहे म्हणून अकराव्या वर्षी ७ नंबर दिला की खांद्यातून ढकलायची खोड लागते.

लाल_माती

आता आमचं बी ऐका. खाली ऱ्हायची, कंबर दाबायची सवय पायजे म्हनताय, ती तर तालमीत पैल्या दिवसापासनं लावत्यात. खडाखडी बघा: पाय खांद्यापेक्षा रुंद, वजन चवड्यावर, मान ताठ, हाताचा पंजा समोरच्याच्या मानंवर न्हाईतर दंडावर. वजन मागं गेलं की समोरच्यानं पट काढून पाय उचललाच. पोस्टमधी पाठ लावून जागा अडवतात ते ह्याच्याच घरचं. सोळा-सतरा वर्साच्या सेंटरला आठवड्यातनं दोनदा मातीत वीस मिंटं खडाखडी खेळवा, डाव टाकायचा न्हाई, नुसतं जागंवरनं हलवायचं. ज्याचा पाय वर्तुळाभायेर पडला त्यो हरला. मातीत पडलं तरी लागत न्हाई, आनि घोट्याची लहान-लहान हाडं-शिरा सगळी कामाला लागत्यात.

आनि रोजच्या पाचशे बैठका. पैलवानाची मांडी तशीच तयार हुती.

सांधेजोड

लाल_माती दादा, खडाखडीला पूर्ण पाठिंबा. मातीवर अनवाणी, वर्तुळात, डाव न टाकता, उत्तम. दोर चढणं आणि जोरसुद्धा चालतील. पाचशे बैठकांना मात्र नाही, आणि कारण देते.

सहा फूट सहा इंचाच्या मुलाचं मांडीचं हाड पैलवानाच्या मानानं फार लांब असतं. खोल बैठकीत गुडघा तेवढाच पुढं येतो आणि वाटीखालच्या शिरेवर ताण वाढतो. त्यात हा मुलगा रोज सिमेंटच्या कोर्टवर शंभर-दीडशे उड्या मारतोच आहे. दोन्हींची बेरीज गुडघ्याला करावी लागते. वयात येताना हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात. त्या काळात वाटीखाली नडगीच्या उंचवट्यावर दुखणं सुरू होतं. पालक "वाढीचं दुखणं" म्हणून सोडून देतात आणि मुलगा लंगडत खेळत राहतो.

पद्धत अशी ठेवा. दर तीन महिन्यांनी उंची लिहून ठेवा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली तर तेवढ्या काळापुरत्या उड्या निम्म्या करा. सरकणं, पास, उभ्या जागचं शूटिंग चालू ठेवा. ताकदीसाठी खुर्चीच्या उंचीपर्यंतच बसणारा स्क्वॉट, छातीशी वजन धरून, ८ च्या ३ फेऱ्या. एक पाय पुढं ठेवून स्प्लिट स्क्वॉट, प्रत्येक पायावर ८. पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, १५ च्या ३ फेऱ्या. शिर दुखत असेल तर भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायचं, ४५ सेकंद, पाच वेळा. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल तर आदल्या दिवसाचं काम जास्त झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून पोटतिडकीनं लिहिते. घरात इतर कुणी एवढं उंच नसताना मुलगा किंवा मुलगी खूप उंच, सडपातळ, बोटं लांबसडक, हात पसरल्यावरची लांबी उंचीपेक्षा ठळकपणे जास्त, छातीचं हाड आत किंवा बाहेर, लहानपणापासून जाड चष्मा, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मार्फन सिंड्रोमची शंका घ्यायला हवी. यात हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी मुळाशी फुगत जाते आणि जोराच्या खेळात फाटू शकते. हृदयरोगतज्ज्ञाकडं टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. तपासणी अर्ध्या तासाची आहे. अमेरिकेत बेलर विद्यापीठाचा आयझेया ऑस्टिन, सात फूट एक इंच, २०१४ च्या ड्राफ्टच्या काही दिवस आधी वैद्यकीय तपासणीत त्याला हाच आजार निघाला आणि तो ड्राफ्टमधून बाहेर झाला. जीव वाचला. आपल्याकडं जिल्हा निवड चाचणीत उंच मुलाला थेट संघात घेतात, इको कुणी विचारत नाही.

लाल_माती

ताई, बैठकांचं मागं घेतो. इकोचं तालमीतल्या वस्तादांना बी सांगतो, उंच पोरं आमच्याकडं बी येत्यात.

खुराकाचं कसं? दूध-बदाम चालतंय न्हवं?

सांधेजोड

चालतं. वाढत्या, रोज खेळणाऱ्या मुलाला किलोमागं दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं पुरतात. ८० किलोच्या मुलाला १२० ते १६०. म्हशीच्या लिटरभर दुधात ३५-४० ग्रॅम, एका अंड्यात ६, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये ३० च्या आसपास. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं दूध पिऊन सरावाला जाऊ नका, एवढंच. म्हशीच्या दुधातली चरबी तीन-चार तास पोटात राहते. सरावानंतर प्या, कट्ट्यावरचं धारोष्ण नको, घरी उकळून. सरावाआधी दीड-दोन तास भाकरी, केळं, गूळ-शेंगदाणे थोडेसे. तांबडा रस्सा सामन्याच्या आदल्या रात्री बेतानं, सामन्याच्या सकाळी नाही.

डब्यातली पावडर विकत घेऊ नका असंच म्हणेन. त्याचं कारण पुढच्या प्रतिसादात कुणीतरी सतनामच्या बंदीसकट लिहावं.

इचलकरंजी_एक्सप्रेस

लिहितो. सतनामच्या नमुन्यात सापडलेला पदार्थ हायजेनामाइन. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या बीटा-२ प्रकारातला, बंदी असलेल्या पदार्थांच्या जागतिक यादीत नावानिशी २०१७ पासून. हा काही झाडांमध्ये नैसर्गिकरीत्या असतो आणि वजन घटवायच्या किंवा व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींत टाकला जातो, कधी वनस्पतीच्याच नावाखाली. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) शिस्तपालन समितीनं डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांची बंदी दिली, मोजणी नोव्हेंबर २०१९ पासून.

या नियमात शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. "जिमवाल्यानं दिलं", "आयुर्वेदिक होतं" यानं शिक्षा कमी होऊ शकते, दोष जात नाही. म्हणून राष्ट्रीय शिबिरापर्यंत जाऊ शकणाऱ्या मुलानं: सुटं, पुडीत बांधलेलं काही घ्यायचं नाही. डब्यावरचा बॅच क्रमांक आणि बिलाचा फोटो ठेवायचा, डबा संपला तरी त्यातलं चमचाभर सीलबंद ठेवायचं. खोकला-दम्याचं औषध घेण्याआधी डॉक्टरांना "मी चाचणी होणारा खेळाडू आहे" हे स्वतः सांगायचं. दम्याच्या पंपालाही मात्रेची मर्यादा आहे. चाचणीच्या अर्जावर गेल्या सात दिवसांत घेतलेलं सगळं लिहायचं, बाम आणि काढासुद्धा.

जयसिंगपूरची_लेक

मुलींबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार होती. नाव घ्यायला पंजाबला जायची गरज नाही. आणि ज्या आयएमजी शिष्यवृत्तीवर सतनाम गेला, त्याच तुकडीत मुलीही होत्या. निजामाबादची कविता अकुला तिथूनच पुढं ग्रँड कॅनियन विद्यापीठाकडून एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, पहिल्या श्रेणीत खेळली. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाकडून. ड्राफ्टचा गाजावाजा सतनामचा झाला, पण शिक्षण आणि खेळ दोन्ही हातात घेऊन बाहेर पडण्याचा रस्ता या मुलींनी दाखवला. २०२४-२५ पर्यंत पहिल्या श्रेणीत मुलींच्या संघाला १५ शिष्यवृत्त्या असायच्या, मुलांच्या १३. हे गणित आपल्या पालकांना माहीतच नाही.

यासाठी काय कागद लागतात, कुणाला नक्की ठाऊक आहे?

इचलकरंजी_एक्सप्रेस

एनसीएए नववीपासूनची गुणपत्रकं बघते. नववी, दहावी, अकरावी, बारावी, चारही. इंग्रजी, गणित, शास्त्र, सामाजिक शास्त्र मिळून १६ मुख्य विषय-वर्षं, आणि त्यात त्यांच्या मोजणीनं सरासरी किमान २.३. एसएटी या प्रवेशपरीक्षेची सक्ती एनसीएएनं २०२३ मध्ये काढली, पण कॉलेज स्वतः मागू शकतं, शिवाय इंग्रजीची परीक्षा वेगळी.

आपली मुलं फसतात ती दोन ठिकाणी. एक, गटात आणखी एक वर्ष खेळता यावं म्हणून मुद्दाम एका वर्षानं मागं राहतात. नववीपासूनच घड्याळ सुरू झालेलं असतं. रेंगाळलं की नंतर मिळवलेले गुण धरले जात नाहीत. दोन, बारावीनंतर दोन-तीन वर्षं नुसत्या स्पर्धा खेळत राहतात. एका वर्षाच्या सवलतीनंतर पुढचे हंगाम कापले जाऊ लागतात. म्हणून अकरावीतच नोंदणी करा. दहावीला गणित टाळू नका. मूळ गुणपत्रकं लॅमिनेट करू नका, शिक्के-पडताळणीला अडचण येते. आणि कुठल्याही एजंटच्या कागदावर सही करण्याआधी त्या कॉलेजच्या पात्रता विभागाला लेखी विचारा.

गडहिंग्लज_मेन_रोड

परदेश राहू दे बाजूला. इथं राहून बास्केटबॉलवर पोट भरतं का? माझा प्रश्न पुतण्यासाठी आहे, १८ वर्षं, सहा-पाच.

पिव्होट

भरतं, पण लीगपेक्षा नोकरीवर. रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांचे संघ वर्षानुवर्षं देशातले बळकट संघ आहेत. भारताचा माजी कर्णधार विशेष भृगुवंशी ओएनजीसीचाच. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड संघानं त्याला करारबद्ध केलं होतं. आयएनबीएल ही देशातली बास्केटबॉल लीग २०२२ मध्ये सुरू झाली, तिच्यातून नजरेत येता येतं.

महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण प्रमाणपत्र नुसतं असून भागत नाही, क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून त्याची पडताळणी व्हावी लागते. तिथं स्पर्धेचा दर्जा, किती संघ होते, क्रमांक, वयोगट सगळं तपासतात. म्हणून प्रत्येक स्पर्धेचा प्रवेश अर्ज, संघाची यादी, निकालपत्रक यांची प्रत त्याच आठवड्यात घेऊन ठेवा. पाच वर्षांनी आयोजक सापडत नाहीत.

१८ वय उशीर आहे असं समजू नका. अमृतपाल सिंग कबड्डी खेळत होता, बास्केटबॉलला उशिरा आला, आणि २०१७ मध्ये सिडनी किंग्जनं त्याला घेतलं. पण सहा-पाचला सेंटर म्हणून तयार करू नका. आपल्या जिल्ह्यात तो सगळ्यात उंच असेल, राष्ट्रीय शिबिरात तो बाजूचा खेळाडू आहे. त्याला डाव्या हातानं पूर्ण कोर्ट चेंडू नेता आला पाहिजे, कोपऱ्यातला तीन गुणांचा शॉट पडला पाहिजे आणि गार्डला अडवता आलं पाहिजे.

शिट्टीवाला

जून ते सप्टेंबर आपल्याकडची उघडी कोर्टं ओली आणि शेवाळलेली. त्या काळात आडवं सरकणं, उड्या पूर्ण बंद. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून वीस मिनिटांनी कडक झाडूनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा, कोरडं झाल्याशिवाय पाय ठेवू नका. चार महिने ओसरीत भिंतीवर पास, बसून एका हातानं ड्रिबल, ताकदीचं काम. आणि पावसाळ्यानंतर रिंगची उंची मोजा. लोंबकळून ती पुढं झुकते. पुढची कड आणि बोर्डाजवळची कड, दोन्ही जमिनीपासून ३.०५ मीटर यायला हव्यात. दोन-तीन सेंटिमीटर झुकलेल्या रिंगवर बसलेला हात राज्य स्पर्धेतल्या सरळ रिंगवर आखूड पडतो.

गडहिंग्लज_मेन_रोड

पिव्होट सर, पुतण्या सहा-पाच म्हणजे बूट घालून मोजलेला. चालेल ना?

शाहूपुरीकर

नाही चालणार. एनबीएनंही २०१९ पासून संघांकडून बूट काढून मोजलेलीच उंची मागायला सुरुवात केली. अनवाणी, टाचा-पाठ-डोकं भिंतीला, सकाळी उठल्यावर एकदा आणि संध्याकाळी सरावानंतर एकदा. दोन्हींत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक येतो, संध्याकाळचा आकडा लिहा. सोबत हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतची लांबी, आणि उभ्यानं हात वर केल्यावर कुठवर पोहोचतो ते. निवडणारे शेवटचा आकडा आधी विचारतात. तिन्ही इथं टाका, मग त्याला कुठं खेळवायचं ते बघू.